ज्वारीच्या राज्याचा मुख्यमंत्री

खास प्रतिनिधी

दरवर्षी १ जुलैला राज्यात कृषिदिन साजरा होतो. पंचायत समित्यांच्या सभागृहांत एका प्रतिमेला हार घातला जातो, प्रगतिशील शेतकऱ्यांचे सत्कार होतात, चार रोपे लावली जातात आणि कार्यक्रम संपतो. ती प्रतिमा वसंतराव नाईक यांची असते. महाराष्ट्रातील हरितक्रांतीचे प्रणेते असे त्यांचे वर्णन प्रत्येक भाषणात येते. मात्र हरितक्रांती म्हटली की डोळ्यांपुढे उभा राहतो तो पंजाबचा गहू आणि कालव्याच्या पाण्याने भिजलेली शेते. नाईकांच्या महाराष्ट्रात ना तेवढे पाणी होते, ना तेवढा गहू. त्यांनी ज्या पिकाच्या बळावर राज्याची भूक भागवण्याचा चंग बांधला ते पीक होते ज्वारी. पौष्टिक तृणधान्य म्हणून आज शहरांतील दुकानांत मानाने मांडली जाणारी हीच ज्वारी तेव्हा गरिबाचे भरड धान्य समजली जात होती. तिला राज्याच्या कारभाराच्या केंद्रस्थानी आणणाऱ्या या मुख्यमंत्र्याचे जीवन म्हणूनच पुन्हा एकदा पाहण्यासारखे आहे.

गहुलीचा तांडा

वसंतराव फुलसिंग नाईक यांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात, गहुली या छोट्याशा गावी झाला. घराणे बंजारा समाजाचे. या समाजाचा इतिहास धान्याशीच जोडलेला आहे. रेल्वे आणि पक्क्या सडका येण्यापूर्वी दख्खनच्या पठारावर धान्य आणि मीठ यांची वाहतूक होत असे ती बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून. हजारो बैलांचे तांडे गोण्या लादून मजल दरमजल करीत बाजारपेठांना आणि फौजांच्या छावण्यांना रसद पुरवीत. इंग्रजी अमदानीत आगगाडी धावू लागली आणि हा व्यवसाय बुडाला. पोटासाठी वणवण करणाऱ्या अनेक तांड्यांवर गुन्हेगारीचा शिक्का बसला. काही तांडे मिळेल तेथे जमीन कसून स्थिरावले. गहुली ही अशीच एक वस्ती होती. तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणतात. त्या पदावरूनच घराण्याला आडनाव मिळाले.

तांड्यात शाळा नव्हती. त्यामुळे वसंतरावांचे प्राथमिक शिक्षण आसपासच्या गावांत, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जात झाले. पुढे अमरावती आणि नागपूर येथे शिकून त्यांनी १९३८ साली नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयातून पदवी घेतली आणि १९४० साली ते वकील झाले. त्या काळी तांड्यातील मुलाने काळा कोट अंगावर चढवणे ही साधी गोष्ट नव्हती. वकिलीचे पहिले धडे त्यांनी अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली गिरवले. पंजाबराव पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे दयेने न पाहता त्याच्या हक्काचा प्रश्न म्हणून पाहण्याची दृष्टी वऱ्हाडातील तरुणांना ज्यांनी दिली त्यांत पंजाबरावांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

नंतर वसंतरावांनी पुसदला स्वतंत्रपणे वकिली सुरू केली. कुळे, सावकारी कर्जात अडकलेले शेतकरी आणि कोर्टाची पायरी चढायला घाबरणारे तांड्यातील लोक त्यांच्याकडे येऊ लागले. १९४१ साली त्यांनी नागपूरच्या घाटे कुटुंबातील वत्सलाबाईंशी विवाह केला. वधू ब्राह्मण आणि वर बंजारा. दोन्हीकडील समाजांत खळबळ उडाली आणि दोघांनाही काही काळ बहिष्काराची झळ सोसावी लागली. परंतु वत्सलाबाईंनी तांड्यातील स्त्रियांशी नाते जोडले आणि हळूहळू विरोध मावळला.

नगराध्यक्ष ते मुख्यमंत्री

१९४६ साली वसंतराव पुसदचे नगराध्यक्ष झाले. १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते आमदार म्हणून निवडून आले. विदर्भ त्या वेळी मध्य प्रदेशात होता. तेथील रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळात महसूल खात्याचे उपमंत्री म्हणून त्यांना कारभाराचा पहिला अनुभव मिळाला. १९५६ साली विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात नाईकांकडे आधी सहकार आणि नंतर कृषी खाते आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर ते महसूलमंत्री झाले.

या काळातील दोन कामांचा उल्लेख केलाच पाहिजे. एक म्हणजे १९६१चा कमाल जमीन धारणा कायदा. दुसरे म्हणजे त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीचा पंचायत राज्यविषयक अहवाल. या अहवालातून जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत अशी त्रिस्तरीय व्यवस्था १९६२ साली राज्यात सुरू झाली. बियाणे, खते आणि कृषी अधिकारी तालुक्यापर्यंत पोचवायचे तर तालुक्याला सत्तेचे केंद्र हवे, हा त्यामागील व्यवहारी विचार होता. पुढे संकरित ज्वारीचा प्रसार झाला तो याच पंचायत समित्यांच्या मार्गाने.

२४ नोव्हेंबर १९६३ रोजी मुख्यमंत्री मा. सां. कन्नमवार यांचे निधन झाले आणि ५ डिसेंबर १९६३ रोजी नाईकांनी मुख्यमंत्रिपदाची सूत्रे हाती घेतली. ओठात पाइप, अंगात नेटका पोशाख, बोलणे मृदू. वरवर पाहणाऱ्याला हा मनुष्य शहरी आणि सुखवस्तू वाटे. पण पेरणीचा हंगाम, जमिनीचा पोत आणि बैलांच्या किमती यांविषयी ते बोलू लागले की ऐकणाऱ्या शेतकऱ्याला हा आपल्यातलाच आहे हे उमगत असे.

अन्नटंचाईचे दिवस

नाईक मुख्यमंत्री झाले तो काळ देशासाठी फार कठीण होता. १९६५-६६ आणि १९६६-६७ अशी सलग दोन वर्षे देशाच्या मोठ्या भागात पावसाने दगा दिला. त्यातच १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले. अमेरिकेतून पी.एल. ४८० योजनेखाली येणाऱ्या गव्हावर देशाचे पोट अवलंबून होते. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी लोकांना आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले होते. राज्याराज्यांत धान्याच्या हालचालींवर निर्बंध होते. महाराष्ट्राची स्थिती तर अधिकच बिकट होती. मुंबईसारखे महानगर पोसायचे आणि शेती मात्र बहुतांश पावसाच्या भरवशाची.

राज्याच्या लागवडीखालील जमिनीत तेव्हा ज्वारीचा वाटा सर्वांत मोठा होता. १९६०-६१ साली सुमारे ६३ लाख हेक्टरांवर ज्वारी उभी होती आणि उत्पादन सुमारे ४२ लाख टन झाले होते. म्हणजे हेक्टरी पावणेसात क्विंटलांच्या आसपास. विदर्भ-मराठवाड्यात खरिपाची ज्वारी आणि सोलापूर, नगर, बीडच्या काळ्या जमिनीत रब्बीचा शाळू, हेच सामान्य माणसाचे अन्न होते. दाणा माणसाला आणि कडबा जनावराला, असा तो संसार होता. या एका पिकाचे उत्पादन वाढले तर राज्य तरेल, हा नाईकांचा हिशेब साधा आणि बिनचूक होता.

१९६५ साली पुण्यात शनिवारवाड्यासमोरच्या जाहीर सभेत त्यांनी एक प्रतिज्ञा केली. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर आपल्याला फासावर चढवावे, असे त्यांनी हजारोंच्या साक्षीने सांगितले. राजकीय पुढाऱ्याने स्वतःला असे बांधून घेणे विरळाच. विरोधकांनी पुढे अनेकदा त्या शब्दांची आठवण करून दिली. पण त्या प्रतिज्ञेने सरकारी यंत्रणेला जाग आली, हे नाकारता येणार नाही.

संकरित ज्वारीचे आगमन

नाईकांच्या हाती तेव्हा एक नवे साधन आले होते. भारतीय कृषी संशोधन परिषदेने अमेरिकेच्या रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या सहकार्याने ज्वारीच्या सुधारणेचा देशव्यापी कार्यक्रम हाती घेतला होता. त्यातून १९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा देशातील पहिला संकरित वाण प्रसारित झाला.

ज्वारीच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग एकत्र असतात, त्यामुळे हाताने संकर करून एकराला पुरेल इतके बी तयार करणे अशक्य होते. अमेरिकेत परागकण न धरणारे, म्हणजे नरवंध्य वाण सापडले आणि ही अडचण दूर झाली. नरवंध्य वाणाच्या काही ओळी आणि त्यांच्या शेजारी परागकण देणाऱ्या वाणाच्या ओळी पेरायच्या. वाऱ्याने परागकण उडून मादी ओळींवर पडले की त्या कणसांत संकरित बी भरते. मात्र आसपास दुसरी ज्वारी असता कामा नये, अन्यथा बी भेसळीचे होते. शिवाय संकरित पिकाचे बी पुढील वर्षी पेरले तर तेच उत्पन्न मिळत नाही, त्यामुळे शेतकऱ्याला दरवर्षी नवे बी विकत घ्यावे लागते. कणगीत राखून ठेवलेले बी पेरण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत येथे मोडली गेली.

हे बी पुरेशा प्रमाणात तयार करायचे तर शेतकऱ्यांनाच बीजोत्पादक बनवणे भाग होते. जालन्याचे बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली स्थापन केलेली बियाणे कंपनी या कामात पुढे आली आणि जालना परिसर पुढे देशातील बियाणे उद्योगाचे मोठे केंद्र बनला. नाईकांच्या सरकारने बियाण्याबरोबर खत, कर्ज आणि विहिरींसाठी साहाय्य यांची जोड दिली. शेतकऱ्याने पिकवलेली ज्वारी ठरलेल्या भावाने सरकारने विकत घेण्याची व्यवस्थाही १९६०च्या दशकात उभी राहिली. भावाची हमी नसेल तर अधिक पिकवणे म्हणजे शेतकऱ्याने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे, हे वकिली करताना पाहिलेले वास्तव नाईक विसरले नव्हते. मुख्यमंत्री स्वतः शेताच्या बांधावर जाऊन संकरित ज्वारीची प्रात्यक्षिके पाहत, अधिकाऱ्यांना शेतकऱ्यांसमोर प्रश्न विचारत. ज्वारीच्या कणसांची चर्चा मंत्रालयात होऊ लागली.

भाकरीची तक्रार

तरीही संकरित ज्वारीचे स्वागत सर्वत्र झाले नाही. तक्रार आधी चुलीपाशी सुरू झाली. या ज्वारीची भाकरी गावरान ज्वारीसारखी गोड आणि मऊ होत नाही, ती लवकर वाळते, असे बायका सांगू लागल्या. दुसरी तक्रार गोठ्यातून आली. पुरुषभर उंचीहून अधिक वाढणाऱ्या गावरान ज्वारीच्या तुलनेत नवे पीक बुटके, त्यामुळे कडबा कमी. बैलावर चालणाऱ्या शेतीत कडब्याला दाण्याइतकेच मोल होते. तिसरी तक्रार हवामानाची. नवा वाण सुमारे १०० दिवसांत तयार होत असे. पाऊस लवकर संपला तर हे वरदान ठरे. पण परतीचा पाऊस नेमका काढणीच्या वेळी आला की कणसांवर बुरशी चढून दाणे काळे पडत आणि बाजारात त्यांना भाव मिळत नसे. पेरणीला उशीर झाला तर खोडमाशी पीक फस्त करी.

हायब्रीड हा शब्दच मग ग्रामीण बोलीत टिंगलीचा झाला. दिसायला भरदार पण आतून पोकळ अशा कशालाही, अगदी नव्या पिढीच्या तरुणांनाही, हायब्रीड म्हटले जाऊ लागले. या तक्रारी केवळ जुन्या सवयींतून आलेल्या नव्हत्या. संशोधकांनी त्यांची दखल घेतली आणि १९७०च्या दशकाच्या मध्यास सीएसएच-५, पुढील दशकात सीएसएच-९ असे अधिक सरस वाण आले. रब्बीच्या शाळूत मात्र संकराची जादू फारशी चाललीच नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात निवड पद्धतीने तयार झालेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी आजही शेतकऱ्यांच्या पसंतीस उतरते. कमी ओलाव्यावर तग धरणारी, पांढरीशुभ्र, चवीला गोड आणि कडब्याला भरघोस अशी ती आहे. जुन्या वाणातही भविष्याचे बी दडलेले असते, याचा हा पुरावा होय.

संशोधन आपल्याच मातीत व्हावे यासाठी नाईकांच्या कारकिर्दीत कृषी विद्यापीठे स्थापन झाली. १९६८ साली राहुरी, १९६९ साली अकोला आणि १९७२ साली परभणी व दापोली. प्रत्येक विभागाचे हवामान वेगळे, जमीन वेगळी, म्हणून विद्यापीठही वेगळे, ही भूमिका त्यामागे होती. अकोल्याच्या विद्यापीठाला पंजाबराव देशमुखांचे नाव मिळाले, तर परभणीच्या विद्यापीठाला २०१३ साली, नाईकांच्या जन्मशताब्दी वर्षात, त्यांचेच नाव देण्यात आले. कोरडवाहू ज्वारीवरील संशोधनाचे परभणी हे एक महत्त्वाचे केंद्र आहे, हे या संदर्भात उल्लेखनीय.

१९७२ची परीक्षा

प्रतिज्ञेची खरी परीक्षा दोन वर्षांनी झाली नाही, ती सात वर्षांनी झाली. १९७० पासून पाऊस रुसू लागला. १९७०-७१ साली सुमारे ५७ लाख हेक्टरांवर ज्वारी पेरली गेली, पण उत्पादन जेमतेम साडेपंधरा लाख टनांवर आले. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत ते निम्म्याहूनही कमी होते. पुढचे वर्षही बरे गेले नाही आणि १९७२ साली तर पावसाने पूर्ण पाठ फिरवली. विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने विकली गेली, माणसे गावे सोडू लागली. बियाणे कितीही सुधारित असले तरी ओलाव्याशिवाय ते उगवत नाही, हे राज्याने अनुभवले.

या संकटात नाईकांनी घेतलेला निर्णय त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठा मानावा लागेल. धान्य नुसते वाटण्याऐवजी मागेल त्याला काम आणि कामाच्या मोबदल्यात मजुरी, हे धोरण त्यांनी स्वीकारले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना आधीच मांडली होती. तिला १९७२ साली राज्यव्यापी रूप मिळाले. पाझर तलाव, नाला बंडिंग, बांधबंदिस्ती, रस्ते, खडी फोडणे अशी कामे गावोगाव निघाली. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळपास ५० लाख माणसे राबत होती. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. कामावर मुलांना सुकडी मिळे आणि रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. ज्वारीच्या मुलखाला परदेशी ज्वारी खावी लागली, यातील वेदना त्या पिढीतील वृद्ध अजूनही बोलून दाखवतात. परंतु इतक्या भीषण दुष्काळात पूर्वीच्या दुष्काळांसारखा मृत्यूचा तांडव झाला नाही, ही गोष्ट पुढे जगभरच्या अभ्यासकांनी नोंदवली.

या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली विधिमंडळात संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पगारातून आजही कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ साली याच योजनेच्या खर्चासाठी सुरू झाला. शहरातील नोकरदाराने खेड्यातील मजुराच्या कामाला हातभार लावण्याची ही व्यवस्था होती. २००५ साली देशाने केलेल्या ग्रामीण रोजगार हमीच्या कायद्यामागेही महाराष्ट्राचाच अनुभव होता.

दुष्काळाने एक उणीवही उघडी पाडली. नाईकांच्याच काळात सहकारी साखर कारखाने वाढले आणि धरणांचे पाणी मोठ्या प्रमाणात उसाकडे वळले. ज्वारी मात्र पावसाच्याच हवाली राहिली. एका पाण्याच्या पाळीने शाळूचे पीक हाती लागते, पण ती पाळीही ज्वारीच्या वाट्याला क्वचितच आली. ज्या मुख्यमंत्र्याने ज्वारीला प्रतिष्ठा दिली त्याच्याच राज्यात पाणी उसाच्या मागे गेले, हा विरोधाभास त्यांच्या मूल्यमापनात टाळता येत नाही.

प्रतिज्ञेचे काय झाले?

२० फेब्रुवारी १९७५ रोजी नाईकांनी मुख्यमंत्रिपद सोडले. सलग अकरा वर्षांहून अधिक काळ हे पद भूषवण्याचा मान त्यांच्याशिवाय अन्य कोणाला मिळालेला नाही. १९७७ साली ते वाशीम मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. धान्याच्या गोण्या वाहणाऱ्या तांड्यातून निघालेला हा प्रवास परदेशात थांबला.

पेरलेले मात्र उगवत राहिले. १९८०-८१ साली राज्याचे ज्वारीचे उत्पादन सुमारे ४४ लाख टनांवर गेले आणि १९९०-९१ साली ते ५९ लाख टनांच्या पुढे पोचले. पेरणीचे क्षेत्र तीस वर्षांपूर्वीइतकेच, ६३ लाख हेक्टर, पण धान्य १७ लाख टन अधिक. जमीन न वाढवता अन्न वाढवण्याचे नाईकांचे गणित अखेर जुळले. ते पाहायला ते नव्हते, एवढेच.

दुर्दैव असे की, गणित जुळले तेव्हा खाणाऱ्याने पाठ फिरवली होती. रेशनवर स्वस्त गहू आणि तांदूळ मिळू लागले. चपाती प्रतिष्ठेची झाली आणि भाकरी गरिबीची खूण ठरली. सरकारी खरेदीचा आधार सैल पडला. विदर्भ-मराठवाड्यातील खरीप ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. २०१०-११ साली राज्यातील ज्वारीचे क्षेत्र सुमारे ४० लाख हेक्टरांवर आले होते आणि त्यानंतर ते आणखी घटत गेले. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याला स्थान मिळाले, २०१८ साली केंद्र सरकारने ज्वारी-बाजरी-नाचणीला पौष्टिक तृणधान्य असे नवे नाव दिले आणि २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्ष म्हणून साजरे केले. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकनही लाभले. हे सारे स्वागतार्ह आहे. पण नाव बदलल्याने पेरा वाढत नाही.

ज्वारीसाठी नाईकांनी जे केले त्याचे सूत्र कोणत्याही कृषिदिनाच्या भाषणापेक्षा सोपे होते. शेतकऱ्याला चांगले बी द्यावे, पिकवलेले विकत घ्यावे, शिवारातच पाणी अडवावे आणि पाऊस चुकला तर माणसाला काम द्यावे. यांपैकी पहिल्या गोष्टीची आठवण सर्वांना आहे. उरलेल्या तिन्हींचा विसर पडला आणि कमी पाण्यावर, कमी खर्चात येणारे, माणूस आणि जनावर दोघांनाही जगवणारे पीक आपल्या डोळ्यांदेखत शिवारातून निघून चालले. पावसाचे तंत्र दरवर्षी अधिक बिघडत असताना या पिकाला पुन्हा आधार द्यायचा की नाही, हा प्रश्न आता राज्यकर्त्यांपुढे आहे. शनिवारवाड्यासमोर दिलेल्या त्या वचनाचे ओझे एका माणसाने स्वतःच्या गळ्यात घेतले होते. प्रतिमेला हार घालणाऱ्या हातांनी आज त्यातील निदान हमीभावाच्या खरेदीचा वाटा तरी उचलावा, एवढीच अपेक्षा ज्वारी पेरणारा शेतकरी करीत आहे.